साका आणि निवळ

तासगावचे माझे मामा दर सहा महिन्यांनी तपासणीला मिरजेला येतात. दवाखाना उरकला की रिपोर्टची घडी खिशात घालून थेट माझ्या लॅबमध्ये. साखर आणि क्रिएटिनिन यांच्याशी त्यांची जुनी ओळख आहे, तिथं ते थांबत नाहीत. या वेळी मात्र त्यांचं बोट एका ओळीवर अडलं. टोटल प्रोटीन ७.२, अल्ब्युमिन ४.१, ग्लोब्युलिन ३.१.

“अगं, अल्ब्युमिन अल्ब्युमिन डॉक्टर म्हणत असत्यात, ते ऐकलंय. ह्ये ग्लोब्युलिन काय भानगड हाय? आन् मशीननं दोन्ही येगळं काढलं कसं?”

मी म्हटलं, “मशीननं ग्लोब्युलिन काढलेलंच नाही, मामा. ती वजाबाकी आहे. सात पॉइंट दोनातून चार पॉइंट एक गेले, उरले ते ग्लोब्युलिन.”

“म्हंजे मोजलंच न्हाई, आन् पैसं घेतलं?”

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. खरं उत्तर द्यायला संध्याकाळ झाली, मध्ये दोन चहा झाले. तेच इथं जरा नीट मांडते.

साध्या नळीत रक्त घेऊन अर्धा तास ठेवलं की ते गोठतं. मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की गोळा खाली बसतो आणि वर वाळल्या कडब्याच्या रंगाचं पाणी येतं. ते सीरम. रक्त गोठू दिलं नाही तर वर येतो तो प्लाझ्मा. त्यात रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन शिल्लक असतं, सीरममध्ये ते खर्ची पडलेलं असतं. निरोगी माणसाच्या १०० मिली सीरममध्ये ६ ते ८ ग्रॅम प्रथिनं असतात. त्यातली निम्म्याहून जास्त एकटं अल्ब्युमिन. बाकीच्यात शेकडो जाती. सगळी विरघळलेली, त्यामुळे नळी उजेडात धरली तर आरपार दिसतं. आता यातून एक प्रथिन वेगळं काढायचं कसं? चाळणी चालत नाही. अल्ब्युमिनचा रेणूभार सुमारे ६६ हजार, आणि रोगाशी लढणाऱ्या आयजीजी या अँटिबॉडीचा दीड लाख. एवढ्याशा फरकावर सुपात घालून पाखडता येत नाही.

पण ही युक्ती आपल्या घरात रोज नाही तरी महिन्यातून एकदा होतेच. कच्चं, जेमतेम कोमट दूध घ्या आणि त्यात लिंबू पिळा. पांढरा साका खाली बसतो, वर हिरवट निवळ राहते. साका म्हणजे दुधातलं केसीन. आता ती निवळ गाळून उकळा. पुन्हा बारीक कण दिसतात. ती दुसरीच प्रथिनं, लिंबाला न जुमानलेली. एका दुधातून दोन प्रकारची प्रथिनं आपण वेगळी काढली, तीही गाळणं आणि गॅस एवढ्यावर. (पनीर करताना दूध आधी उकळतो तेव्हा दोन्ही एकदमच खाली येतात. पनीर जास्त पडतं, पण वेगळं काही होत नाही.) शाळेच्या पुस्तकात या साक्याला ‘अवक्षेप’ म्हणतात. मला साका हाच शब्द बरा वाटतो, कारण त्याच्यासोबत निवळही आपोआप येते. या सगळ्या विद्येत प्रश्न दोनच असतात: साक्यात कोण गेलं आणि निवळीत कोण राहिलं.

प्रथिन पाण्यात विरघळून राहतं ते दोन गोष्टींच्या जोरावर. एक तर त्याच्या अंगावर विद्युतभार असतो. सगळ्यांवर सारखाच भार, म्हणून ती एकमेकांना लांब ठेवतात. दुसरं, प्रत्येकाने आपल्याभोवती पाण्याचा पातळ थर पांघरलेला असतो. हे मोडलं की प्रथिनं एकमेकांना चिकटतात, गुठळी जड होते आणि खाली बसते. लिंबू भार काढून घेतं. दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ६.७ च्या आसपास असतो, तो ४.६ वर आला की केसीनवरचा अधिक आणि उणा भार सारखा होतो आणि एकमेकांना लांब ठेवणारं काही उरत नाही. उष्णता वेगळंच करते, ती प्रथिनाची घडीच विसकटते. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही. पूर्वी लघवीतलं अल्ब्युमिन ओळखायला नळीचा वरचा भाग दिव्यावर तापवून गढूळपणा बघायचे. तिथं प्रथिन मेलं तरी चालत होतं, कारण ते आहे की नाही एवढंच बघायचं होतं. प्रथिन पुढे वापरायचं असेल तर त्याला पाडायचं, पण मारायचं नाही. कसोटी तीच: साक्यात पुन्हा पाणी घातलं की तो विरघळला पाहिजे.

हे काम मीठ करतं. आपलं जेवणातलं नाही, अमोनियम सल्फेट.

“खताचं?” मामांनी कान टवकारले. तेच. उसाला, द्राक्षाला देतात ते पांढरे खडे, ज्यात २० टक्क्यांच्या वर नत्र असतं आणि वर गंधक. लॅबमध्ये ते शुद्ध केलेलं येतं एवढाच फरक. खोलीच्या तापमानाला १०० मिली पाण्यात ते सुमारे ७५ ग्रॅम विरघळतं.  फ्रिजमध्ये ठेवलं तरी फारसं खाली बसत नाही, स्वस्त आहे आणि प्रथिनाची घडी मोडत नाही. सल्फेटला पाण्याची हाव फार. ते आलं की पाणी त्याच्याभोवती गोळा होतं आणि प्रथिनाच्या वाट्याला कमी उरतं. मामांना मी जतचा टँकर सांगितला. गावात पाणी तेवढंच, आणि अचानक पन्नास बिऱ्हाडं वाढली. ज्याचं कमी पाण्यात भागतं तो शेवटपर्यंत तग धरतो, ज्याचं भागत नाही तो आधी गाव सोडतो. आकाराने मोठी आणि अंगावर पाण्याला नको असलेले तेलकट भाग जास्त असलेली प्रथिनं आधी गळपटतात आणि ते भाग एकमेकांना चिकटवून मोकळी होतात. अल्ब्युमिन लहान आहे, अंगावर भार भरपूर, ते हटत नाही. कुठलं मीठ किती जोरात प्रथिन पाडतं याचा क्रम फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी १८८८ साली प्रागमध्ये अंड्याच्या प्रथिनांवर प्रयोग करून लावला. त्यात सल्फेट वरच्या टोकाला आहे, मिठातलं क्लोराइड बरंच खाली.

डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला हे मी पहिल्यांदा हाताने केलं. बीकर बर्फात ठेवायचा, त्यात ५ मिली सीरम. तितकंच, म्हणजे ५ मिली, अमोनियम सल्फेटचं संपृक्त द्रावण (आणखी खडा विरघळणार नाही इतकं भरलेलं पाणी), पण थेंबाथेंबाने. पहिला थेंब पडला की तिथं पांढरा ढग उठतो आणि काचेची कांडी फिरवली की विरून जातो. दुसराही तसाच. पुढे ढग विरायला वेळ लागतो, आणि मग एका थेंबानंतर तो विरतच नाही. शेवटी सगळं पातळ ताकासारखं दिसतं. कोरडे खडे एकदम टाकायचे नाहीत, कारण खड्याजवळ मीठ इतकं दाट होतं की नको ती प्रथिनंही पडतात. आणि जोराने हलवायचं नाही. आमचे सर म्हणायचे, “फेस आला की प्रथिन मेलं.” फेसाच्या बुडबुड्यावर प्रथिनाची घडी उलगडते, ती परत बसत नाही.

सीरम आणि संपृक्त द्रावण समसमान घेतलं की झाली ‘निम्मी संपृक्तता’. हा शब्द लक्षात ठेवा, कारण मामांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनज्ञांकडे प्रथिनं एकमेकांपासून वेगळी ओळखायला फारशी साधनं नव्हती. मिठाच्या निम्म्या संपृक्ततेला जे पडतं ते ग्लोब्युलिन. जे तेव्हाही निवळीत टिकतं आणि मीठ पूर्ण भरल्यावरच पडतं ते अल्ब्युमिन. बस. त्या प्रथिनाचं शरीरात काम काय, ते बनतं कुठे, यातलं काही त्या नावात नाही. वाटणी झाली ती मिठाच्या बरणीवरून.

साका मिळाला, पण तो मिठात माखलेला. तो थोड्या पाण्यात विरघळवून सेलोफेनच्या नळीत भरायचा, दोन्ही तोंडं दोऱ्याने बांधायची आणि ती पुडी मोठ्या बीकरभर पाण्यात रात्रभर सोडायची. मीठ बारीक भोकांतून बाहेर जातं, प्रथिन मोठं म्हणून आतच राहतं. मीठ संपलं का हे बघायला बाहेरच्या पाण्यात बेरियम क्लोराइडचा थेंब टाकतात. पांढरं झालं तर सल्फेट अजून आहे, पाणी बदला.

मी तीनदा पाणी बदललं, तेही डिस्टिल्ड. सकाळी बघते तर पुडी आत पुन्हा पांढरी! काल विरघळलेला साका परत बसला होता. मला वाटलं नासलं. कुणाला न विचारता बेसिनमध्ये ओतून दिलं आणि सरांना सांगायला गेले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत, नुसतं म्हणाले, “चिमूटभर मीठ घालून बघितलं असतंस तर?”

हा या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून थोडी रेंगाळते. ग्लोब्युलिनांपैकी बरीच निव्वळ पाण्यात विरघळत नाहीत. त्यांना थोडं मीठ लागतंच. भार कमी असलेले दोन रेणू जवळ आले की एकाचा अधिक भाग दुसऱ्याच्या उण्या भागाला धरतो. थोड्या मिठाचे आयन, म्हणजे भार असलेले कण, मध्ये येऊन ही पकड सैल करतात. मीठ अगदी संपलं की पकड घट्ट होते आणि साका बसतो. मीठ फार वाढलं की पाणी पळवलं जातं आणि तेव्हाही साका बसतो. आमटीसारखंच, अळणी नको आणि खारटही नको. अल्ब्युमिनला मात्र साधं पाणीही चालतं.

घरी बघायचं असेल तर अंड्याचा पांढरा भाग चार-पाच पट आरओच्या पाण्यात हलक्या हाताने मिसळा. पाणी धुरकट होतं आणि त्यात पांढरे धागे तरंगतात. चिमूटभर मीठ टाकून ढवळा. धागे राहतात, ते वेगळंच प्रथिन आहे. पण धुकं बरंचसं विरतं. ते धुकं म्हणजे अंड्यातलं ग्लोब्युलिन.

मामांना हे पटलं, पण त्यांचा मूळ मुद्दा सुटला नव्हता. “मग ग्लोब्युलिन ही येकच वस्तू का न्हाई?” नाही, आणि हे मिठाला कधी कळलंच नसतं. १९३७ साली स्वीडनमध्ये उप्साला इथं आर्ने टिसेलियस यांनी सीरममधून वीज सोडली. प्रथिनं आपापल्या भारानुसार कमी-जास्त वेगाने सरकली आणि ग्लोब्युलिनचे अल्फा, बीटा, गॅमा असे ढीग दिसले. १९४८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्या ढिगांत लोह वाहून नेणारं प्रथिन आहे, कोलेस्टेरॉल वाहणारी आहेत, अँटिबॉडीज आहेत. रिपोर्टातलं ग्लोब्युलिन म्हणजे या सगळ्यांची मोळी. खरं तर तो ‘इत्यादी’ हाच शब्द आहे, लॅटिनचा अंगरखा घातलेला. म्हणून एकट्या ग्लोब्युलिनच्या आकड्याकडे डॉक्टर फारसं बघत नाहीत. तो वाढलेला दिसला तर विजेची तपासणी सांगतात, मोळी सोडून बघायला.

तरी वजाबाकी करण्याआधी आमच्या धंद्यात खरोखर साका पाडूनच मोजायचे. १९२१ साली हाऊ नावाच्या संशोधकाने दिलेली पद्धत अनेक वर्षं चालली. त्यात अमोनियम सल्फेट नव्हतं, सोडियम सल्फेट होतं. कारण तेव्हा प्रथिन मोजायचं ते त्यातल्या नत्रावरून, आणि अमोनियम म्हणजे स्वतःच नत्र; सगळा हिशेब बिघडला असता. सोडियम सल्फेटची खोड अशी की ते गारठ्यात टिकत नाही, बाटलीतच स्फटिक धरतं. म्हणून सगळं ३७ अंशांना करायचं. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या बाई सांगायच्या, डिसेंबरातल्या सकाळी बाटली उघडायच्या आधी गरम पाण्यात ठेवावी लागायची, नाहीतर दिवसभराचे रिपोर्ट चुकायचे. ग्लोब्युलिन खाली बसलं की निवळीतलं अल्ब्युमिन मोजायचं. पुढे हिरवा रंग आला, ब्रोमोक्रेसॉल ग्रीन. तो ४.२ पीएचला अल्ब्युमिनलाच धरतो आणि त्याचा रंग बदलतो. मग साका पाडण्याची गरजच संपली. एकूण प्रथिन एका नळीत, अल्ब्युमिन दुसऱ्या नळीत, आणि बाकी वजाबाकी.

एकूण प्रथिन मोजायचं रिएजंट मामांना दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. निळं. “ह्यो तर मोरचूद!” बरोबर. बाय्युरेट रिएजंट म्हणजे मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि कॉस्टिक सोडा. प्रथिनाच्या साखळीतले दुवे तांब्याला धरतात आणि निळा रंग जांभळा होतो. जितकं प्रथिन तितका जांभळा. तो आम्ही ५४० नॅनोमीटरला वाचतो. डावणी रोग येऊ नये म्हणून मामा आपल्या द्राक्षबागेवर बोर्डो मिश्रण मारतात, त्यातही मोरचूद. शंभर लिटरला एक किलो आणि एक किलो चुना. तिथं चुन्याशी गाठ पडली की तांब्याचा निळा साका होतो, आणि तो व्हायलाच हवा, पानावर तोच चिकटून बसतो. आमच्याकडे मात्र कॉस्टिकमध्ये तांबं खाली बसलं तर रिएजंट वाया. म्हणून त्यात आणखी एक मीठ घालतात, सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट. ते तांब्याला धरून ठेवतं, बसू देत नाही. टार्टारिक आम्ल हे द्राक्षाचं आम्ल. वाइनच्या पिंपाच्या तळाला जी खर धरते ती याचीच. एवढं सांगितल्यावर मामांनी रिएजंटची बाटली हातात घेऊन खाली-वर पाहिली, जणू त्यांच्याच बागेतून आली होती.

लॅबमध्ये साका बंद झाला, कारखान्यात नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला रणांगणावर नेता येईल असं काही रक्ताऐवजी हवं होतं. हार्वर्डचे एडविन कोन यांनी मिठाऐवजी अल्कोहोल धरलं. अल्कोहोल मिसळलं की पाण्याची, विरुद्ध भारांना एकमेकांपासून अलग ठेवण्याची, ताकद कमी होते आणि प्रथिनं चिकटतात. मीठ नंतर काढत बसावं लागतं, अल्कोहोल उडून जातं. पण धोकाही मोठा. खोलीच्या तापमानाला अल्कोहोल प्रथिनाची घडी मोडतं. सॅनिटायझर जंतू मारतो तो असाच. म्हणून हे सगळं शून्याच्या खाली. ८ टक्के अल्कोहोल आणि उणे ३ अंशांच्या आसपास फायब्रिनोजेन पडतं. २५ टक्क्यांवर अँटिबॉडीजचा गठ्ठा. आणि अगदी शेवटी ४० टक्के अल्कोहोल, उणे ५ अंश, पीएच ४.८, म्हणजे अल्ब्युमिनचा भार जवळजवळ शून्य होतो तिथं, अल्ब्युमिन पडतं. पाचवा वाटा, फ्रॅक्शन फाइव्ह. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरच्या भाजलेल्या सैनिकांना ते दिलं गेलं. आजही संशोधनाच्या अल्ब्युमिनच्या बाटल्यांवर ‘फ्रॅक्शन फाइव्ह’ छापलेलं असतं, आतला माल दुसऱ्या पद्धतीने काढलेला असला तरी. या धंद्यात नावं काही सुटत नाहीत.

मिरजेतल्या मेडिकलवर २० टक्के अल्ब्युमिनची १०० मिलीची बाटली मागा; किंमत ऐकून माणूस दोन पावलं मागे सरतो. हिशेब करून बघा. बाटलीत २० ग्रॅम अल्ब्युमिन. लिटरभर प्लाझ्मात ते ४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे वाटेत काही गळलं नाही असं धरलं तरी अर्धा लिटर प्लाझ्मा, दोन माणसांच्या रक्तदानातला. शिवाय ती ६० अंशांवर दहा तास ठेवतात, विषाणू मरावेत म्हणून. प्रथिन मरू नये यासाठी आधी त्यात स्थिर ठेवणारे पदार्थ घालतात. रसायन न वापरताही साका पडतो, तो एक अपवाद सांगून टाकते. गोठवलेला प्लाझ्मा फ्रिजच्या तापमानाला हळूहळू वितळवला की तळाशी थोडा साका उरतो, आणि त्यात हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठणाऱ्या, रुग्णाला हवा असलेला रक्त गोठवणारा आठवा घटक असतो. ज्युडिथ पूल यांना हे १९६४ मध्ये सापडलं. रक्तपेढ्यांत त्याला नुसतं ‘क्रायो’ म्हणतात.

आणि मग शिराळा. नागपंचमीचं बत्तीस शिराळा आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे सापाची लस, म्हणजे सापाच्या विषावरचा उतारा, हा शब्द इथं लहान पोरांनाही माहीत असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांचं विष अगदी थोडं थोडं घोड्याला टोचतात, घोडा अँटिबॉडीज बनवतो, मग त्याच्या प्लाझ्मातून त्या वेगळ्या काढतात. इथंही तोच प्रश्न, साक्यात कोण आणि निवळीत कोण. अमोनियम सल्फेट वापरलं तर अँटिबॉडी साक्यात येते, म्हणजे आपल्याला हवी तीच वस्तू पाडायची, धुवायची, पुन्हा विरघळवायची, आणि या खेचाखेचीत काही रेणू गुठळ्या करून बसतात. दुसरी युक्ती उलटी आहे. कॅप्रिलिक आम्ल नावाचं एक तेलकट आम्ल आंबट केलेल्या प्लाझ्मात घातलं की अल्ब्युमिन आणि बाकीचा गाळ खाली बसतो, आणि अँटिबॉडी निवळीतच राहते, तिला कुणी हात लावत नाही. मला विचाराल तर हीच पद्धत जास्त शहाणी. केर काढायचा तर केराला हात लावावा, धान्याला कशाला?

शेवटी ती निवळ गोठवून वाळवतात आणि पांढरी भुकटी बाटलीत भरतात. रात्री-अपरात्री शेतातून उचलून आणलेल्या माणसासाठी नर्स ती बाटली उघडते आणि १० मिली पाणी सोडते. शेजारी नातेवाईक उभे असतात, घाई करा म्हणत असतात, आणि तिचा हात मात्र सावकाश चालतो. बाटली हलवायची नसते, फेस येतो. दोन्ही तळहातांत धरून ती घोळवायची, भुकटी पार विरघळून काच आरपार दिसेपर्यंत.